खांद्यात जराशी कमी

१

माझ्या हाताखालून गेलेला कपडा अंगावर बसला नाही, असं म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. मला हे काम कुणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवत, कुठली शिवण कुठे पळते ते बोटांनी चाचपत शिकले. गल्लीत माझ्या पाठीमागे मला ‘कात्री’ म्हणतात. धंद्यामुळे नाही, जिभेमुळे. म्हणू देत. बोथट तर म्हणत नाहीत ना!

अंगाबरोबर बसवायचं काम आलं, म्हणजे लग्नाचा पोशाख, कोट वगैरे, की मी पुतळा भरते. दुकानाच्या काचेत उभा असतो तो रंगवलेला पुतळा नव्हे. लोखंडी दांडा, खाली तीन चाकं आणि वर कापडाची पोकळ कुडी. मुंडकं नाही, हात नाहीत. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं आणि कुडी त्या मापाची होईपर्यंत आत भरत राहायचं. बाकीचे लोक कापूस भरतात. कापसाच्या गाठी होतात आणि मग पाठीला कुबड येतं. मी गिऱ्हाइकाचे स्वतःचेच जुने कपडे मागवते. अंगावर झिजलेल्या कापडाला त्या अंगाचं वळण असतं. कुठला खांदा पडतो, कंबर कुठे मोडते, ते कापडाला बरोबर ठाऊक असतं. भरून झालं की मानेशी तपकिरी दोऱ्याने शिवून टाकायचं आणि शेवटी डावीकडे वळवलेली दुहेरी गाठ मारायची. ती गाठ माझी. चुकत चुकत शिकले म्हणून ती उलटी पडते. दुसऱ्या कुणाच्या हातून तशी पडत नाही.

हात मात्र मी भरत नाही. वेळ खातं ते काम. बाहीचं माप मला नजरेने कळतं.

आणि कपडा दारातून गेला की त्याच संध्याकाळी पुतळा उसवायचा, आतले कपडे धुऊन, इस्त्री करून ज्याचे त्याला. नाहीतर ओल धरते, कसर लागते. एवढंच कारण. पण हा नेम मी कधी मोडला नव्हता.

२

बारकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून बारकी, आणि तेच चिकटलं. बहीण गेली तेव्हा हिचे दुधाचे दातही पडले नव्हते. तेव्हापासून ही माझी. शिलाईचं यंत्र तिला कधी आवडलं नाही, पण काज-बटणं अशी करते की उलटसुलट कळू नये.

चांगल्या वयात आली आणि दोन पुरुषांच्या मधे सापडली. त्यातला एक जरी नालायक असता ना, तर मी दोन शब्दांत निकाल लावला असता. दोघंही चांगले निघाले. चांगल्या माणसांइतकी डोकेदुखी वाईट माणसं देत नाहीत.

एक चष्मेवाला. आमच्या खिडकीसमोरच त्याचं चष्म्याचं दुकान. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दुकान बंद ठेवून तो इस्पितळाच्या बाकावर बसून राहिला होता. बारकी रडत होती, तर हिला चहा पाजत, डॉक्टरला प्रश्न विचारत. त्याच बाकावर त्यांचं जमलं. साखरपुड्यासारखं काही केलं नाही, पण शब्द दिला होता हिने.

दुसरा पूलवाला. शेजारच्या घरात वाढलेला, हिच्यापेक्षा दोन यत्ता पुढे. लहानपणी या दोघांना वेगळं करायला पाण्याची बादली ओतावी लागायची. मग तो पूल बांधायच्या कामावर लांब, थंडीच्या मुलखात गेला आणि गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. आणि इकडे लग्नाची तारीख ठरली तसा हा दारात हजर.

“जगाचे पूल बांधलेस,” मी त्याला उंबऱ्यातच म्हटलं, “आणि हा एवढा रस्ता ओलांडायला इतकी वर्षं लागली होय रे?”

“बोल मावशी, बोल,” तो म्हणाला. “तुझं ऐकायलाच आलोय.”

कुणाचं ऐकायला आला होता ते मला दिसत होतं. बारकी आतल्या दाराशी उभी होती आणि तिच्या हातातली बटणं खाली सांडली होती.

३

त्यानंतर घरात झोप अशी कुणाला लागेना. ही खिडकीशी उभी राहिली की चष्मेवाल्याचं दुकान बघायची, दाराशी उभी राहिली की गाड्यांच्या थांब्याकडे जाणारा रस्ता. पूलवाल्याची रजा संपायचा दिवस आणि नोंदणी कचेरीतल्या लग्नाचा दिवस एकच निघाला. “मी शेवटपर्यंत थांबतो,” तो तिला म्हणाला होता. “गाडी सुटेपर्यंत. आलीस तर बसू, नाही आलीस तर माझं मी बघेन.” चष्मेवाल्याला सगळं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, “तू ठरव. मी दुकान उघडं ठेवतो.” या सज्जनपणाने पोरीचा जीव मेटाकुटीला आला.

“मावशी,” एक दिवस ती म्हणाली, “लग्नाचा पोशाख शिव माझा.”

“ठरलं म्हणायचं तर.”

“आणि एक कोट पण शिव. जाड. अस्तर लावून.”

मी चष्म्यावरून बघितलं. “कोट कशाला? समोरच्या दुकानात बर्फ पडतो काय?”

“दोन्ही शिव ना गं. अंगाला लागले की कळेल मला कुठला माझा आहे ते.”

“बारके, कपडा घालून नवरा ठरवत नाहीत.”

“मग कसा ठरवतात?” तिने विचारलं. मी कधी ठरवलाच नव्हता. एकटीने काढला जन्म, आणि चांगला काढला.

“आणि बाह्या लांब ठेव,” ती जाता जाता म्हणाली. “दोन्हीच्या. बोटं झाकतील एवढ्या.”

“हे काय नवीन खूळ?”

“माहीत नाही. तशाच हव्यात.”

दोन कपडे, म्हणजे दोन पुतळे. माझ्याकडे तेवढेच आहेत. तिच्या कपड्यांची ट्रंक मी ओढून बाहेर काढली. लहानपणचे फ्रॉक, लोकरीच्या टोप्या, खरचटून फाटलेल्या चड्ड्यासुद्धा मी जपून ठेवल्या होत्या. कोटाच्या पुतळ्यात ते सगळं भरलं. लग्नाच्या पुतळ्यात मोठेपणीचे कपडे भरले. इस्पितळात माझ्या उशाशी बसताना घालायची तो निळा झगा, कामाचे ॲप्रन, धुऊन विटलेल्या चादरीसुद्धा. ट्रंक तळापासून रिकामी झाली. याआधी कधी कुणाचं सगळंच्या सगळं मी वापरलं नव्हतं.

बारकी पलंगाच्या कडेला बसून एकेक कपडा हातात देत होती. शेवटचा दिला आणि म्हणाली, “हलकं वाटतंय गं मावशी.”

“वाटायचंच. पसारा गेला.”

मी दोन्ही मानांना गाठ मारली.

४

दुपारी जेवण झालं की मी मशीनमागच्या खाटेवर जरा पडते. झोपत नाही, नुसती पडते. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चाकाचा आवाज. एक चाक वंगणाला आलेलं आहे, ते रडत फिरतं. कुईं, मग थांबलं. मग परत.

बारकी बाहेर बसली होती, तीच सरकवत असेल म्हणून मी पडूनच राहिले. उठून बघते तर लग्नाचा पुतळा खिडकीशी उभा होता, छाती दुकानाकडे करून. कोटाचा दाराशी.

“इथे कशाला आणलेस हे?”

“कोण?” बारकीने मान वर केली नाही. काजात सुई तशीच अडकवलेली होती. किती वेळ अडकवलेली होती कोण जाणे, दोरा सुकून ताठ झाला होता.

जमिनीला उतार आहे आमच्या. सांडलेलं पाणी खिडकीकडे धावतं. मी दोन्ही पुतळे भिंतीकडे तोंड करून ठेवले. ‘तोंड करून’ म्हणते खरी, तोंड कुठे होतं त्यांना! चाकांखाली चिंध्यांचे बोळे अडकवले. दुसऱ्या दुपारी बोळे जागेवर होते. पुतळे नव्हते. एक खिडकीशी, एक दाराशी. म्हटलं, उतार दोन्हीकडे असेल.

असं मी स्वतःला म्हटलं. माणूस थकला की काय वाटेल ते पटतं त्याला.

५

पूलवाला संत्र्यांची पिशवी घेऊन आला. बारकी मागच्या खोलीत पडली होती. हल्ली पडूनच असायची.

“मावशी, काल दुपारी पाठवलंस तिला, फार बरं केलंस.”

“मी? कुठे पाठवलं?”

“पाण्याच्या टाकीखाली. आम्ही लपायचो तिथे. मी सहज जाऊन बसलो होतो, तर ही समोर.”

“काल दुपारी ती माझ्यासमोर बसून बटणं लावत होती.”

“मग मी काय हडळीशी गप्पा मारल्या?” तो खदखदून हसला. “अगं, किती बोलली! पांढऱ्या मांजराचं काय, आंब्याच्या कोयीवरून झालेलं भांडण काय, तू आम्हाला झाडूने हाणलं होतंस ते काय. हसताना उचकी लागायची ना तिला, ती अजून तशीच लागते.”

मला ती उचकी ऐकून युगं झाली होती.

“एक मात्र,” तो संत्रं सोलता सोलता म्हणाला, “हात काही शालीतून बाहेर काढले नाहीत तिने. मी फोड पुढे केली तर म्हणाली, भरव. एवढ्या उन्हात थंडी वाजत होती तिला. अशक्त झालीय का गं?”

“झाली असेल,” मी म्हटलं.

संध्याकाळी चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायच्या निमित्ताने मी समोर गेले. चष्मेवाला खुशीत होता. हा माणूस खुशीत असला की नुसता काचा पुसतो.

“काकू, काल ती येऊन गेली दुकानात.”

“कधी?”

“दुपारी. तुम्ही पडता त्या वेळी. तपासणीच्या खुर्चीत बसून राहिली. फार समजुतीचं बोलली. इस्पितळातल्या त्या रात्रींची एकेक गोष्ट तिला लक्षात आहे. तुम्ही शुद्धीवर येताना नर्सला काय शिव्या दिल्यात, तेसुद्धा.” तो लाजून हसला. “बोलणं सगळं शहाण्या बाईचं. पोरकटपणा नावाला नाही.”

“हात दाखवले का तिने?”

“हात?”

“काही नाही. दांडी आवळा माझी.”

तो आवळता आवळता म्हणाला, “तुम्ही म्हणालात म्हणून आठवलं. मी चष्म्याची नवी केस पुढे केली, घेतली नाही तिने. म्हणाली, मांडीवर ठेवा.”

६

घरी आले ते सरळ तिच्या उशाशी बसले.

“बारके, टाकीखाली मांजर होतं, कसलं गं?”

“कुठली टाकी?”

“चेष्टा पुरे. पांढरं मांजर. तू त्याला माझ्या मशीनच्या खणात लपवलं होतंस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. नीट, मन लावून, अनोळखी बाईची कहाणी ऐकावी तशी. “छान होतं का?” तिने विचारलं.

“आणि माझं ऑपरेशन? तू बाकावर बसून होतीस, आठवतं?”

“तुझे डोळे कधी बिघडले होते मावशी?”

मी टेप काढली. माप घेणं हे माझ्या हाताला विचाराआधी सुचतं. कंबरेला टेप गुंडाळली आणि ती गळून खाली आली. परत गुंडाळली. आकड्याचं सांगत नाही, विश्वास बसणार नाही. ही पोर जेवत होती, माझ्यासमोर जेवत होती. अंगाला हात लावला तर ऊब होती, हाडं होती, पण दाबलं की आत जायचं. रिकाम्या बाहीसारखं.

अर्धवट शिवलेला पोशाख तिला घालून बघितला. खुंटीला टांगल्यासारखा लोंबला. तोच काढून पुतळ्यावर चढवला तर एक सुरकुती नाही. कुडीच्या छातीला मी तळवा लावला, टाचणी कुठे राहिली का बघायला. तळवा उचलावासा वाटेना. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखं आत ऊन साठलं होतं. खिडकीतून उजेड येतो, तापत असेल. पण कोटाचा पुतळा सावलीत होता, आणि तोही.

“उसवते मी हे,” मी मोठ्याने म्हटलं. “खड्ड्यात गेला पोशाख आणि खड्ड्यात गेला कोट.”

उसवणी घेतली. कोटाच्या पुतळ्याच्या मानेशी गेले, माझ्याच गाठीखाली टोक घातलं आणि एक टाका तोडला.

मागच्या खोलीत बारकीने श्वास आत ओढला. किंचाळली नाही. कुणी अचानक गार पाणी ओतल्यावर ओढतात तसा. मी थांबले. तो श्वास बाहेर येण्याची वाट बघत राहिले. फार वेळाने आला.

मी दुसरा टाका तोडला नाही. तुम्ही तोडला असता का? मला सांगा.

ती भिंतीला धरत दारापर्यंत आली. “थांब ना मावशी. अजून ठरलं नाही माझं.”

“मग ठरव! आत्ताच्या आत्ता एकाचं नाव घे. कुठलंही घे. मी काही म्हणणार नाही, कुणाला म्हणू देणार नाही. एक घे आणि दुसरा मी स्वतः उसवते, मग काय व्हायचं ते होऊ दे.”

तिने तोंड उघडलं. ओठ एका नावासाठी जुळले, मग दुसऱ्यासाठी. आवाज आला नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही, तेही कुठेतरी आत भरून गेलं असावं.

“एकाला नाही म्हटलं तर तो काय करील गं?” ती शेवटी म्हणाली. “दोघांचं काही चुकलेलं नाही.”

“आणि तुझं?”

“माझं काय?” तिने खरंच विचारलं.

मी तुटलेल्या टाक्यावर नवा टाका घातला. सरळ घातला. दोन पुतळे आणि एक पोर, आणि मला आता कुठल्यालाच कात्री लावता येत नव्हती. जन्मभर जिचं नाव लावून फिरले, ती कात्री.

७

दोन्ही कपडे शिवून झाले. काम पुढे ढकलायचं होतंत, असं म्हणाल. ढकललं. पण दुपारी पडले की मशीन चालल्याचा आवाज यायचा, आणि उठून बघावं तर टिपा पुढे गेलेल्या असायच्या. टिपा माझ्याच होत्या. मीच अर्धवट झोपेत उठत असेन. एवढं काम केलं की हात आपले आपण चालतात.

लग्नाच्या सकाळी बारकी उठलीच नाही. “तू पुढे हो,” ती डोळे मिटून म्हणाली. “मी येते.”

“कुठे येतेस? कचेरीत की थांब्यावर?”

“येते,” ती म्हणाली.

पोशाख आणि कोट दोन्ही पुतळ्यांवर होते. मी दार ओढून घेतलं. खरं सांगायचं तर पळाले. मला वाटलं, तिचं तिने उठून एक चढवावा, माझ्या डोळ्यांदेखत नको.

नोंदणी कचेरीच्या जिन्यात चष्मेवाला उभा होता, आणि त्याच्या शेजारी ती होती.

माझ्या आधी पोचली होती. कशी पोचली, मला विचारू नका, रस्ता एकच आहे. पोशाख असा बसला होता की कारकुनीणबाई लिहायची थांबून बघत राहिली. मी आयुष्यात याहून चांगलं काम केलेलं नाही. चेहरा बारकीचाच होता. शहाणा, समजूतदार, इस्पितळातल्या बारकीचा. “आलीस मावशी?” ती म्हणाली. “डोळे कसे आहेत?”

सही करायची वेळ आली. चष्मेवाल्याने हळूच तिची बाही उचलून कागदावर ठेवली आणि वरून आपला हात धरला, नव्या नवऱ्याने लाडाने धरावा तसा. कारकुनीणबाई हसली. लेखणी चालली. बाहीचं टोक कागदावर सपाट पडलं होतं. इस्त्री केल्यासारखं सपाट.

ती लिहायला वाकली तेव्हा केस पुढे आले आणि मान दिसली. केसांच्या मुळाशी, कातडीच्या रंगाहून जरा गडद, दोऱ्याची रेघ होती. रेघेच्या शेवटी गाठ होती. डावीकडे वळवलेली.

मी ओरडले नाही. ओरडून काय सांगणार होते? शेजारी तो उभा होता, चष्मा काढून डोळे पुसत. इतक्या दिवसांनी सुखी झालेला माणूस. मी अक्षता टाकाव्या तसा नुसता हात वर केला आणि बाहेर पडले.

थांब्यावरून जाताना गाडी सुटत होती. मी मान वळवणार नव्हते. पण त्याने हाक मारली. “मावशी! आली बघ! आली गं!” खिडकीत पूलवाला दात काढून हसत होता आणि त्याच्या खांद्याला टेकून जाड कोट बसला होता, कॉलर वर केलेली. आतून उचकीसारखं हसू आलं. कोटाची बाही मला निरोप द्यायला वर झाली. मधे दोनदा मोडली आणि खाली पडली.

८

घर शांत होतं. दोन्ही दांडे उघडे उभे होते, एक खिडकीशी, एक दाराशी. वर काही नव्हतं, कुडीसुद्धा नाही. जमिनीवर एक तपकिरी दोऱ्याचा तुकडा पडला होता, तेवढाच.

बारकी मागच्या खोलीत होती.

पलंगाच्या कडेला बसली होती. ‘बसली’ म्हणायची आपली पद्धत. अंगातून काढलेला कपडा खुर्चीवर टाकावा तशी होती. उजेड तिच्यातून पलीकडे जात नव्हता, पण जाईल असं वाटत होतं. हात मात्र तिचे होते. मांडीवर ठेवलेले, बोटं सुईने टोचलेली, अगदी तिचे. ते कुणी नेले नव्हते.

“झालं का गं लग्न?” तिने विचारलं.

“झालं.”

“कुणाशी?”

मी तिच्या शेजारी टेकले. “दोघांशी,” मी म्हटलं.

“मग कुणी रडलं नाही ना?”

“नाही. कुणी नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर कलंडली. शालीचं टोक पडावं, तेवढंच वजन.

एक ना धड भाराभर चिंध्या, अशी म्हण आहे आपल्यात. माझ्याकडे चिंध्यासुद्धा राहिल्या नव्हत्या. सगळ्या वाटून टाकल्या होत्या मीच, माझ्या हाताने. मग पलंगाखालची दुसरी ट्रंक नजरेला पडली. माझी.

९

दोन्हीकडून खबर येते. छान चाललंय म्हणतात. चष्मेवाला समोरच आहे, त्याची बायको दुकानाच्या काचेमागे तपासणीच्या खुर्चीत बसलेली असते. मला बघून मान हलवते. पूलवाला सांगतो, इथल्या थंडीत कोट काढतच नाही ही. मग दोघंही, वेगवेगळ्या दिवशी, एकच सांगतात. कधी कधी मधेच थांबते म्हणे. बोलता बोलता मान वळवून बघते, काहीतरी विसरल्यासारखी. “घराची आठवण येत असेल,” मी म्हणते.

बारकीला मी उठवून बसवली आहे. आधी तिच्यात माझे तरुणपणचे झगे गेले. मग बहिणीच्या सुतकात घातलेला. मग दुकान थाटलं त्या वर्षीचे. मानेला गाठ मारली तेव्हा डोळे मिटून घेतले होते, हात आपला आपण चालला. आता ती जेवते. गाल भरलेत. मशीनवर बसते आणि, बघा, कधी न आवडलेलं पायडल असं मारते की माझंच मला वाटावं. दोरा दातांनी तोडते, सुई ओवताना जीभ उजवीकडे काढते. परवा एका गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर अशी काही फाडफाड बोलली की ती बाई जिन्यात म्हणत गेली, “ही तर मावशीच्या वरची कात्री!”

मला हसू आलं. मग लक्षात आलं की ती काय बोलली ते मला कळलं नव्हतं. मला कात्री का म्हणायचे, तेही जरा आठवावं लागलं.

काल ती मला सांगत होती, तुझी धाकटी बहीण दिसायला कशी होती ते. नाक कसं, केस कसे, मरताना काय म्हणाली. मी मन लावून ऐकलं. “छान होती का?” मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं.

“मावशी, पुरे आता,” ती म्हणाली. “ट्रंकेला हात लावू नकोस.”

हे मात्र बारकी म्हणाली. तो आवाज माझा नव्हता. तिच्यात कुठेतरी कोपऱ्यात ती आहे अजून, आणि तेवढ्यासाठीच मला थांबता येत नाही.

ट्रंक तशीही संपली आहे. अंगात आहे तो स्वेटर तेवढा उरलाय. दुपारी ती खाटेवर पडते तेव्हा मी हळूच टेप लावून बघते. छाती बरोबर आहे. कंबर बरोबर आहे. खांद्यात अजून जराशी कमी पडते.

झोप लागलीय तिला. चाक कुईं करतंय कुठेतरी, करू दे.

स्वेटर काढते आता.